गुंडी आणि किल्ली

नाशिक,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मावशी,

पत्र पाहून तू आधी घाबरशील आणि मग चष्मा शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. मी धडधाकट आहे, नोकरी सुटलेली नाही आणि कोणाशी भांडणही केलेलं नाही. फोनच केला असता. पण फोनवर तू नुसती "बरं" म्हणते, "जेवला का" विचारते आणि ठेवून देते. आपल्या गल्लीतला पिंटू इकडे ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे, तो या बुधवारीच घरी चक्कर मारणार आहे, त्याच्याच हाती देतो. अक्षर तसंच आहे, अकरावी सोडली तेव्हा जिथं होतं तिथंच. सावकाश वाच.

समीक्षाचा फोन आला होता. तुला माहीत आहे, शेजारणींच्या पोरींमध्ये ती एकटीच अशी की आपल्या घरातली बातमी आपल्याआधी तिला कळते. म्हणाली, "अरे कपिल, पंजाबमामा पुढच्या शनिवारी छोटा हत्ती टेम्पो घेऊन येऊन राह्यले. मावशी माहेरी, ढाणकीले चालली. कायमची." मी म्हटलं, काहून? तर म्हणे बाबा गेल्यावर तूच तिला सांगितलं, "बबनराव होते तवरक माहं घर होतं. आता ते कपिलचं हाय. पोराच्या घरात मी कायले अडून राहू?" मी फोन खिशात टाकला, बेकरीत परत गेलो आणि बिस्किटांचा एक अख्खा ट्रे जाळून ठेवला. आमचे शेठ ट्रेजवळ वाकून बघत म्हणाले, "काय रे, हे चहात बुडवायचं का शेगडीत घालायचं?"

इथला ओव्हन म्हणजे एक कपाटच आहे. काचेचं दार, आत दिवा. केक फुगताना दिसतो. नवीन आलो तेव्हा मी त्याच्यासमोर टीव्ही बघावा तसा बसायचो. आता नाही बसत. सगळं आधीच दिसलं की मजा जाते. आपल्याकडे कुकर बंद, आत काय चाललंय ते देवाला ठाऊक, आणि तू दोन कामं करता करता मधेच नाक वर करून म्हणायची, "झाला." मग कपाशीच्या पऱ्हाटीची सोललेली काडी केकात खुपसून पाहायची. काडी कोरडी निघाली की बाबा गॅरेजातून ओरडायचे, "निघाला का ऑइलचा डीपस्टिक कोरडा?" ते स्वतः कधी स्वयंपाकघरात आले नाहीत, पण काडी कधी निघते ते त्यांना बाहेरून कळायचं. हैदराबादला ट्रकवर होतो, गोव्यात एका हॉटेलात भांडी घासली, मधे राजस्थानात उंटावरून पडलो (तो किस्सा आल्यावर), पण असा नाकानं ओळखणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. उंट मात्र वास घेत होता. असो.

मला ती पहिली दिवाळी आठवते. तू लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी चौथीत होतो. माय जाऊन दोन दिवाळ्या झालेल्या, आणि त्या दोन्ही दिवाळ्यांत आमच्याकडून रज्जाकचाचाच्या नानकटाईच्या भट्टीवर काही भाजायला गेलं नव्हतं. बाबांनी बाजारातून फराळाच्या पुड्या आणल्या आणि त्या आम्ही जानेवारीपर्यंत पुरवल्या. तू आली आणि वसुबारसेच्या आधीच परात काढली. डालडा आणि पिठीसाखर तळहातानं फेसत बसली, इतकी की मला वाटलं आता परातीचा तळ झिजणार. ते पांढरंशुभ्र झाल्यावर मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, वेलदोडा. गोळे करून ट्रेमध्ये लावले, वर फडकं झाकलं आणि मला म्हणाली, "जाय, नंबर लाव. भाजून झाल्या का घेऊन ये." बस. एवढंच बोलणं झालं आपलं त्या दिवशी. तेव्हा आपण एकमेकांशी फार बोलतच नव्हतो, नाही का. तू मला "बाबू" म्हणायची आणि मी तुला काहीच म्हणत नव्हतो.

आता त्या भट्टीवर दिवाळीत कशी गर्दी असते ते तुला काय सांगू. अर्धं गाव आपापलं पीठ, आपापलं तूप, आपापला ट्रे घेऊन रांगेत. चाचा एकामागं एक ट्रे आत सरकवणार, लांब दांड्यानं मागचे पुढे ओढणार, आणि बाहेर आलेल्या नानकटाया सगळ्या सारख्याच. म्हणून प्रत्येक घरानं आपली खूण पाडायची. कोणी पेनाचं टोपण दाबायचं, कोणी फणीचे दात ओढायचे, आणि तांड्यावरच्या बिजलीबाई आपल्या बांगडीवरची नक्षीच उमटवायच्या. आमच्या घरची खूण होती गुंडी. मायच्या जुन्या स्वेटरची, चार भोकांची मोठी गुंडी. मध्यभागी दाबली की गोल पडायचा आणि आत चार ठिपके. मी भट्टीसमोर त्या पोत्यांवर बसून गुंडी शोधत राहिलो. ट्रे निघत गेले, लोक ओळखून उचलत गेले. चाचा प्रत्येक वेळी विचारायचे, "ये किसका है? किल्ली का निशान, किसका?" मी म्हणायचो, आपला नाही. रांग संपली, विस्तव खाली बसला, आपला ट्रे काही निघाला नाही. मी रडत घरी आलो की आपल्या नानकटाया कोणीतरी चोरून नेल्या.

तू पदरानं हात पुसत उठली आणि तशीच माझ्यासोबत निघाली. पायात चप्पल होती की नाही आठवत नाही, पण कोपरापर्यंत मैदा होता हे आठवतं, कारण रस्त्यावर बायका बघत होत्या. भट्टीवर एकच ट्रे उरला होता, प्रत्येक नानकटाईवर किल्लीच्या दात्यांची खूण. तुझ्या पेटीची किल्ली. ढाणकीहून तू जी हिरवी पेटी घेऊन आली, तिची. तुमच्याकडे तीच खूण चालायची म्हणे. तू ट्रे पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही. चाचा म्हणाले, "बेटा, पूछ लेता ना." तू त्यांना म्हणाली, "त्यानं काहून पुसावं, मीच पुसाले पायजे होतं." मग घरी येताना तू विचारलं, "तुह्या मायची खूण कायची होती?" मी म्हटलं, गुंडी. ती गुंडी माझ्याच कंपासपेटीत होती आणि तरी मी ट्रेवर तिची खूण शोधत बसलो, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी केक झाला. त्याला भट्टी नको आणि खूणही नको, घरातल्या घरात होतो, म्हणून तू तो केला असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, हिला वेड लागलं. कारण तू सकाळी अरुणावती नदीवर जाऊन टोपलीभर रेती आणली, धुतली, उन्हात वाळवली आणि चक्क कुकरात ओतली. रबर काढलं, शिट्टी काढली. डबा रेतीवर नीट बसेना, तर बाबांना हाक मारली, काही गोल, जाड, लोखंडी आहे का म्हणून. बाबांनी एका भंगार मोटारसायकलचं दातेरी चक्र काढून दिलं. आणि मेकॅनिक माणूस, कसं देणार? रॉकेलनं लखलखीत धुऊन दिलं. रवा, दही, साखर, सोडा, वर टुटीफ्रुटी, सगळं बरोबर. फुगलाही मस्त. फक्त पहिल्या घासाला तिघांच्याही नाकात रॉकेल. तू बाबांकडे बघते, बाबा माझ्याकडे, आणि मी ताटाकडे. शेवटी बाबा शांतपणे म्हणाले, "चंदाबाई, याच्यावर आर्णी ते बाभुळगाव गाडी जाईन." तू हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी. मीही हसलो. माय गेल्यानंतर त्या घरात तिघं मिळून हसल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. आपण तो केक संपवला, आठवतं? सगळा. आणि त्यानंतर मी पहिल्यांदा हाक मारली, मावशी, पाणी दे.

पुढच्या वर्षी तू गोळे लावले आणि ट्रे माझ्यासमोर सरकवून नुसती बसून राहिली. मी कंपासपेटी आणली. गुंडी मी दाबायची, तिच्या बाजूला किल्ली तू. चाचा ट्रे ओढता ओढता म्हणाले, "ये दो निशानवाला, बबन मिस्त्री का." तेव्हापासून गावात आपण दोन खुणांचं घर. मी नववीत नापास झालो त्या वर्षीसुद्धा आणि गोव्याहून सुटी काढून आलो त्या वर्षीसुद्धा. मधल्या दिवाळ्यांना मी नव्हतो. तेव्हा तू गुंडीच्या जागी काय दाबायची ते मी कधी विचारलं नाही. परवा समीक्षानं सांगितलं. म्हणे, "मावशी तितली जागा रिकामी सोडते, एका बाजूले किल्ली अन् दुसऱ्या बाजूले काईच नाही. चाचा तरी बरोबर ओळखते."

श्रावणात बाबा गेले तेव्हा मी आलो, तेरवी होईपर्यंत राहिलो आणि निघालो. निघताना तू डब्यात केक दिला आणि कधी येशील ते विचारलं नाही. मी समजलो, तुला राग आला असेल. आता वाटतं, तू विचारणं सोडून दिलं होतं, कारण हे घर आता माझं आणि मी काही तुझा नाही, असं तू मनाशी ठरवत होती. मावशी, मी पायाला भिंगरी असलेला माणूस आहे, हे तुला बाबांइतकंच माहीत. एका जागी खुंटा ठोकून बसेन असं लिहिलं तर तूच हसशील. पण ट्रकवर असताना, हॉटेलात असताना, कोणी विचारलं की गाव कोणतं, घरी कोण, तर मी एकच सांगत आलो. आर्णी. घरी मावशी असते. बाबा होते तेव्हाही आधी तुझंच नाव यायचं तोंडात, बाबा मग. उद्या मला ढाणकी सांगायला लागली तर जीभ वळणार नाही. आणि नुसतं आर्णी सांगितलं, घरी कोण, तर काय सांगू? कुलूप?

पत्राच्या वर काय लिहावं यावर मी आज बराच वेळ घालवला. एकदा "आई" लिहून पाहिलं. तो कागद फाडला. तुझा चेहराच येईना त्या शब्दात. माय ती माय आणि तू मावशी, यात मला कधी काही कमी वाटलं नाही. तुलाही वाटू देऊ नको.

तर आता कशासाठी लिहितोय ते. समीक्षा म्हणाली, तुझं सगळं सामान बांधून झालं, हिरवी पेटीसुद्धा. आणि कुकर गोणीत घातला आहे, पण आतली रेती काढलेली नाही, चक्रही तसंच आहे. मावशी, ढाणकीला पैनगंगा आहे. तिच्यात काय रेतीचा दुष्काळ पडला? ज्याला खरंच जायचं असतं तो रेती बांधून नेत नाही. पंजाबमामांना माझा नमस्कार सांग आणि म्हण, गाडी घेऊन याच, पण दिवाळीचं खायला या, माणूस न्यायला नाही. शेजारणी म्हणतील दुःखाचं वर्ष आहे, घरात कढई चढवायची नाही. नको चढवू. नानकटाईला कढई कुठं लागते. या पाकिटात तळाशी कागदात गुंडाळलेली गुंडी आहे, माझ्या कंपासपेटीतून पैशाच्या पाकिटात आणि तिथून सगळा मुलूख फिरून आलेली. ती यंदा तुझ्याजवळ ठेव, आणि पुढच्या वर्षी मी कुठंही असलो तरी ती जागा रिकामी सोडायची नाही. शेठनी वसुबारसेपासून सुटी दिली आहे. तू डालडा फेसून ठेव, चाचाकडे आपल्या नावानं नंबर लाव. भट्टीवर पोत्यांवर मी बसतो. या वेळी आपला ट्रे मी ओळखीन.

तुझाच,
कपिल