एक्केचाळीस ठसे आणि माझा डावा हात

मी, चित्रांचे लाकडी ठसे कोरणारी, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला मुद्दाम जोडला आहे, कारण पुढचे वाचून म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला असे म्हणायला घरचेच पुढे येतील.

१. राहते घर मुलाला, विनाअट. गच्चीचे दार पावसात फुगते, ते लाथ मारून उघडावे.

२. माझ्या सर्व कोरण्या सूनबाईला. पाती डाव्या हाताच्या सवयीने झिजली आहेत, जपून धराव्यात. तिलाच का, तर यजमान गेल्यावर ठसे पुसता पुसता तिने विचारले, "आई, हे काप डाव्या हाताचे दिसतात. बाबा तर उजव्या हाताने कोरायचे ना?" यजमानांची चित्रे वाखाणत घरी चहा पिऊन गेलेल्या एकाही समीक्षकाला हे दिसले नव्हते.

३. तिला उत्तर लेखी देते. यजमानांचे हात थरथरू लागल्यानंतरची चौदा वर्षे प्रत्येक चित्र मी रेखाटले, मी कोरले आणि कागद चमच्याने घासून छापही मीच काढले. खाली सही त्यांची. तीसुद्धा त्यांचे मनगट धरून करवून घ्यावी लागे. माणूस वाईट नव्हता. पण एकाही सत्कारात त्यांनी माझे नाव घेतले नाही, याचा राग आहे आणि तो मी कोणालाही देणार नाही.

४. त्या काळातले एक्केचाळीस ठसे मुलाला. बाबांच्या नावाने नवे छाप काढून प्रदर्शन भरवायचा त्याचा बेत आहे. मी खरे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, आता या वयात कशाला उकरून काढतेस?" मी कोरणीला धार लावली.

ठरलेल्या संख्येइतके छाप निघाले की ठशावर आडवी चीर मारून तो रद्द करायचा, हा आमच्या कामाचा रिवाज. यजमानांनी कंटाळा केला. गेले सहा महिने रोज दुपारी बसून मी तो रिवाज पुरा केला. फक्त चिरेऐवजी प्रत्येक ठशावर, चित्राच्या ऐन मध्यभागी, माझे पूर्ण नाव उलट्या अक्षरांत खोल कोरले आहे. कागदावर ते सुलट उमटते.

मुलाने खुशाल छाप काढावेत.

स्थळ: माझे कामाचे टेबल. चौदा नोव्हेंबर, दुपारी चार.
सही: माझी, डाव्या हाताची.
साक्षीदार: शेजारच्या निवृत्त शिक्षिका, आणि शाईचे दुकानदार, ज्यांनी एक छाप स्वतः काढून पाहिला आणि नाव चष्म्याशिवाय वाचले.