दुखवट्याचा ठराव

१० एप्रिल १९८३
आलो बुवा एकदाचा बोरवंटीला! लातूर जिल्हा नवा, त्याचं अनुदान नवं आणि त्या अनुदानातून नेमलेला ग्रंथपालही नवा, म्हणजे मी. निलंग्याहून येताना सगळं रान भाजलेलं, ओढे कोरडे, टँकरपुढे घागरींच्या रांगा. वाटलं, इथं पुस्तक कोण वाचणार? पण गाव बघून तोंडात बोट गेलं. वाचनालयात हार्मोनियम आहे, तबला आहे, दर शनिवारी पाचला सभा भरते. प्यायला एकच थोरली विहीर, तरी पाण्यावरून तंटा नाही. लिंबाजी नावाच्या म्हाताऱ्यानं स्टँडवरच माझी ट्रंक डोक्यावर घेतली, आधी आपल्या घरी नेऊन तांब्याभर पाणी पाजलं. असली माणसं आमच्या अहमदपुरात दिवा घेऊन शोधावी लागतील.

१२ एप्रिल
शेजारच्या सरजाबाई न सांगता रोज घागर आणून ठेवतात. बायकोला सातवा महिना आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "आणा की दादा तिला. डोहाळजेवण आमी करतो." मला तेच हवं होतं. बायकोनं बघितल्याशिवाय नवऱ्याचा थाट कसला! शिवकांताला पत्र टाकलं: शनिवारी तेवीसला ये, सभाही बघशील.

१६ एप्रिल
पहिली सभा. भजन, कवितावाचन, मग गावाच्या इतिहासावर अध्यक्ष शेषेरावांचं भाषण. निवृत्त हेडमास्तर, बोलणं तुपासारखं. शेवटी दुखवट्याचा ठराव: कै. लिंबाजी. चिटणीस म्हणून मीच लिहून घेतला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मान वर केली तर पहिल्या रांगेत आपला लिंबाजी, हात जोडून उभा. त्या नावाचा गावात दुसरा कोणी असेल. विचारलं नाही. दुखवट्यात चौकशा बऱ्या दिसत नाहीत.

१८ एप्रिल
लिंबाजी गेला. निजला तो उठलाच नाही. घरात कोणी रडेना. सरजाबाई म्हणाल्या, रडणं शनिवारीच झालं की. 

१९ एप्रिल
जुन्या ठरावांच्या वह्या काढून बसलो. बहात्तरच्या दुष्काळापासून एकच तऱ्हा. तलाठी आला, त्याच आठवड्यात कोणाचा तरी दुखवटा. मरण दोन दिवसांनी. सून आली, सासूचा दुखवटा. मूल जन्मलं, आईचा. दहा एप्रिलला लिहिलंय: ग्रंथपाल आले.

शेषेरावांना गाठलं. रागावले नाहीत, उलट चहा मागवला. म्हणाले, "साहेब, विहिरीचं पाणी मोजकं हाय. पर आल्याला न्हाई म्हणायची ह्या गावाची रीत न्हाई. मग इथलं पाणी प्यालं की ज्याचा पाहुणा, त्यानं नाव द्यायचं. लिंबाजीनं तुमाला घरी नेलं, म्हणून आपलंच नाव दिलं. लई सभ्य माणूस." दुसऱ्याचं दिलं तर, असं विचारलं. तसं इथं कोणी करत नाही म्हणाले.

म्हणजे तो म्हातारा माझ्यासाठी मेला. चहा तसाच ठेवून उठलो.

२० एप्रिल
निलंग्याला जाऊन अहमदपूरला तार केली. येऊ नकोस.

२२ एप्रिल
उत्तर नाही. उद्या पहाटेच्या गाडीनं मीच जातो. तिला तिथंच अडवतो. सरजाबाई अंगणात सडा घालताहेत. या दुष्काळात सडा! पाहुणी येणार म्हणून.

२३ एप्रिल, दुपारी
पहाटेची गाडी आलीच नाही. बाराच्या गाडीतून शिवकांता उतरली. तार मिळालेली नाही. मंगळवारीच निलंग्याला मावशीकडे येऊन राहिली होती. पाणी पिऊ नकोस म्हणून मी ओरडलो, तोवर सरजाबाईंचा तांब्या रिकामाही झाला होता. गाडी पुढं निघून गेली, परतीची उद्या. सभा आज.

ठरवलंय. पाहुणी माझी, नाव माझं. तिला काही सांगितलं नाही. दमून झोपली आहे, पोटावर हात ठेवून. फार भीती वाटते आहे, पण ती आणि बाळ वाचतील. एवढं झालं की पुरे—

सरजाबाई दारात येऊन गेल्या. तिच्या पोटाकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, "दोन पाहुणे आले की दादा."

सव्वापाच
सभेत. शिवकांतालाही सरजाबाई घेऊन आल्या आहेत. डायरी मांडीवर. ठरावात माझं नाव लिहिलं. कै. बसलिंगप्पा. खाली एक ओळ कोरी आहे. शेषेराव म्हणतात, बायकोपुरतं तुमचं झालं. पोटातला पाहुणा तिचा—

त्यांनी ठरावाची वही तिच्याकडे दिली.

तिला वाटतंय पाहुण्यांची सही घेताहेत. लाजली. पदर सावरला—

सगळे उभे राहिले. ओरडतोय मी, आवाज फुटत नाही. पाय हलत नाहीत. हात तेवढा चालतोय—

शिवा, इकडे बघ. ही डायरी वाच. तिथं नाव लिहू नकोस. आपण दोघंही गेलो तर बाळ तरी कसं—

शिवा, पेन खाली ठेव. अजून एकच अक्षर झालंय, खाली ठे