या बेटावर कावळे नाहीत

प्रिय आई,

आज अविधवा नवमी. तिकडं शिरूरला तुझ्या नावानं पान वाढून झालं असेल, आणि मी इथं, कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात डोळे पुसत बसले आहे. रडून नाही हं, मिरचीनं! इथली मिरची दिसायला गुबगुबीत आणि गोजिरवाणी, पण चिरली की दिवसभर बोटं जळतात.

मला तुझ्याशी भांडायचंय. फोनवर भांडायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून लिहितेय.

फोन उचलला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "काय खाल्लंस?" मग मी सुरू व्हायची. बोट आली नाही, दुकानात भाजी नाही. फोडणी टाकली की छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलतो आणि सगळं घर अंगणात गोळा होतं. बाजरीचं पीठ कडू झालं.

आणि ते पीठ! घरी तू स्वतः आठवड्यापुरतीच बाजरी दळून आणायचीस ना, कडू होते म्हणून? मग मला अर्धी बॅग भरून का दिलंस? मी नको नको म्हणत होते, तू पिशवीवर पिशवी चढवत होतीस.

अगं, जेवणाची तक्रार आईकडं नाही करायची तर कुणाकडं करायची? अभ्यास चांगला चालला होता. तो सांगायला गेले की "बरं, बरं" म्हणायचीस आणि परत भाकरीवर यायचीस.

गेल्या वर्षी श्रावणात तू गेलीस. मला येता आलं नाही. दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दादानं नंतर सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "घराची काळजी करू नगंस." कावळा झाडावरच. दादा म्हणाला, "आप्पांना अंतर देणार न्हाई." तरी हलेना. मग मामा हात जोडून पुढं झाला, "आक्के, पोरीला माघारी आणतो. तिकडं उपाशी ठेवत न्हाई." आणि कावळा लगेच खाली उतरला!

असं का केलंस, आई? माझं निम्मं शिक्षण झालंय. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीनं म्हणायला हवं की कावळ्याला तेव्हाच भूक लागली. तसं मी म्हणतेही. पण मनात येतंच, की तो तूच पाठवलास. मग तुझा इतका राग येतो की विचारू नकोस.

आप्पांनी वर्षभर धीर धरला. परवा म्हणाले, "वर्षश्राद्ध झालं. आता तिकीट काढतो. कावळा शिवलाय, शब्द मोडायचा न्हाई." आता आप्पांशी वाद घालता येतो गं, कावळ्याशी कसा घालायचा?

म्हणून आज तुलाच घास ठेवायचं ठरवलं आणि तुझ्या आवडीची शेंगोळी केली. हुलग्याचं पीठ इथं मिळत नाही, बेसनात कणीक मिसळून वळली. उकळत्या रश्श्यात निम्मी विरघळली. श्राद्धाला लसूण चालत नाही म्हणे, पण लसणाशिवायची शेंगोळी तू कधी ताटात घेतलीस? घातला भरपूर. सोबत अळूची भाजी. इथं अळू ढिगानं मिळतं, ओल्या तुरीच्या शेंगा मिळतात! नावं भलतीच, त्यामुळं ओळखायला मला वर्ष लागलं. तोवर डब्यातले मासे खात होते. एवढी चिडले स्वतःवर!

मागच्या कठड्यावर घास ठेवून उभी राहिले. घरमालकीण म्हणाली, कसली वाट बघतेस? सांगितलं. ती म्हणाली, "कावळा? या बेटावर कावळे नाहीतच."

घ्या! आता?

तरी हात जोडले. म्हटलं, आई, मामाचा शब्द मामाचा. माझा ऐक. डॉक्टर होऊनच माघारी येईन, आणि तोवर दोन्ही वेळा स्वतः रांधून जेवीन. तेवढ्यात घरमालकिणीची तांबडी कोंबडी कठड्यावर चढली आणि सगळा घास फस्त केला.

आप्पांना फोन लावला. "आप्पा, इथं कावळे नाहीत. कोंबडी शिवली." मला वाटलं, आता ओरडतील. पण नाही ओरडले. तू भाकरीचा पहिला तुकडा परड्यातल्या कोंबड्यांना टाकायचीस, तेव्हा तुझ्यावर करवादायचे ना, तेच आठवत असावेत.

मग हळूच म्हणाले, "काय केलंतं खायला?"

आप्पांनी हे मला जन्मात विचारलं नव्हतं, आई.

"शेंगोळी."

"लसूण घातलावता?"

"भरपूर."

"मंग शिवणारच," म्हणाले. आणि वर, "तिकिटाचं ऱ्हाऊ दे."

आता रोज त्यांना फोन करून काय खाल्लं ते सांगेन. जमलं तरी सांगेन, बिघडलं तरी सांगेन. पण ते ऐकून कुठल्या कावळ्याच्या कानात काही कुजबुजू नकोस, एवढं कर.

तुझी, पोटभर जेवलेली,
सुमी