उजवी पाकळी

पेडणे, सोमवार, ९ जून, संध्याकाळ

मी खेळते त्या जपानी गेममधली मुलगी शेवटी मरतेच. कितीही नीट खेळा, लिहिणाऱ्याने ते आधीच ठरवलंय. मी दर वेळी रडते, पण दोष माझा नसतो, म्हणूनच बहुतेक मला ते गेम आवडतात. सचिन, माझा धाकटा भाऊ, यावरून मला हसतो. त्याला अमेरिकन गेम हवेत. तिथे नायक म्हणजे आपणच. चार उत्तरांतलं एक आपण निवडायचं, गोष्ट तिथून वळते, आणि नाही आवडली तर मागे जाऊन पुन्हा खेळायचं.

आज आईने माझ्या पुण्याच्या नोकरीसाठी देवळात कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेल्या दोन पाकळ्यांतली डावी आधी पडली, म्हणजे देवाचं उत्तर नाही. मला वाईट वाटायला हवं होतं ना? हायसं वाटलं. चला, ठरवलं कुणीतरी. पण सचिन ऐकेना. "आई, परत लाव." गुरवांनी परत पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवी पडली, म्हणजे हो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तू जा गो. बाबांचं आमी बघतलों." आजारी बाबांनीही अंथरुणातून मान डोलावली. अडवणारं कुणीच उरलं नाही.

आणि मी काय म्हणाले? "पुढच्या वर्षी बघूया."

गेल्या वर्षीही मी हेच म्हणाले होते. तेव्हा तर पहिल्याच खेपेला उजवी पाकळी पडली होती.