सहा एमएमची टाकी आणि तुमची बहीण

प्रिय दादा,

नमस्कार. (नात्याने तुम्ही वडील, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, तेव्हा नमस्कार पुरा घालतो, फक्त कमरेत जरा कमी वाकतो.) तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? आणि तुमची बहीण, म्हणजे आमची ही, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून सगळ्या घराला कामाला लावते आहे ना? लावत असेल तर प्रकृती उत्तम असं समजायचं. गप्प बसली तर मात्र मला ताबडतोब कळवा. रविवारी तिला घेऊन तुम्ही येणार, त्याकडे मी डोळे लावून बसलो आहे. तिच्यावाचून घर फार मोठं झालं आहे. दोनच खोल्या आहेत, पण खरंच मोठं झालं आहे.

इथे आल्यावर तिला आणखी दीड महिना अंथरुणातच काढायचा आहे, आणि आतल्या खोलीला बाहेर बघायला खिडकी नाही. आहे ती मधल्या भिंतीत, माझ्या शिवणाच्या खोलीत उघडणारी, आणि तीही मी वीस वर्षांपूर्वी तागे ठेवायला फळ्या ठोकून बंद केलेली. दीड महिना माणसाने बघायचं तरी काय? तेव्हा फळ्या काढायच्या, तिथे माशांची टाकी बसवायची आणि ही येऊन पडली की समोर पाणी हलताना दिसेल, असा माझा बेत होता. तिला चकित करायचं म्हणून तिच्याशी बोललो नाही. विचारलं फक्त तुम्हाला, कारण तुम्ही जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधल्यात. तुम्ही कळवलंत की पाणी किती आहे ते बघू नका, उभं किती आहे ते बघा. उंची तीन फूट असेल तर ॲक्रिलिक शीट वीस एमएम घ्या, त्याखाली उतरू नका. मी ते वाचलं आणि (आता लपवून काय उपयोग) हसलो. सगळ्या गावाला पाणी पाजणारा माणूस, त्याला सगळं जाडच लागणार, असं मनात म्हणालो.

माझा विचार शिंप्याचा. टाकी तीन फूट उंच, दोन फूट रुंद, पण पोटात जेमतेम वीतभर. म्हणजे उंच, सडपातळ गिऱ्हाईक. सडपातळ माणसाला कमी कापड लागतं हे मी चाळीस वर्षं बघतो आहे. वीतभर पाण्याला वीस एमएम म्हणजे भर उन्हात ओव्हरकोट. चौकापलीकडे दुकानांच्या पाट्या करणारा एक जण आहे, त्याच्याकडे या शीट मिळतात. त्याने मला तीनदा उंची विचारली, मी तीनदा पोट सांगितलं. त्याने वीस, बारा आणि सहाचे तुकडे पुढ्यात ठेवले. मी डोळे मिटून, कापड बघतो तसे चिमटीत धरून बघितले. वीसचा मठ्ठ लागला. बारा बरा होता, पण तुसडा. सहाचा मात्र बोटांनी दाबला की हळूच मागे सरकायचा, पुन्हा पुढे यायचा. "मास्तर, यावर मी नावं लिहितो, पाणी नाही ठेवत," असं तो म्हणाला. मी कानाडोळा केला.

या शीटवर दोन्ही बाजूंनी कागद असतो, तो सोलायचा. दादा, सोलतानाच माझं भान हरपलं. कागदाखालून काहीच निघत नाही, नुसता उजेड निघतो. मग सांधा. पाण्यासारखं पातळ रसायन इंजेक्शनच्या सुईने फटीत सोडायचं, ते आपसूक धावत जातं आणि दोन कडा एक होतात. दोरा नाही, टाका नाही, गाठ नाही. जन्मभर शिवण घालून मला असा सांधा कधी जमला नाही. पुढचे दोन दिवस मी त्याच्याकडे बघतच बसलो होतो. (एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या त्या याच काळात.)

मंगळवारी दुपारी बादली बादली करत पाणी भरलं. मासे अजून आणायचे होते. दाराकडून येणारं ऊन पाण्यातून गेलं आणि आतल्या खोलीच्या छतावर हलायला लागलं. हिला काय दिसेल ते बघावं म्हणून मी तिच्या गादीवर आडवा झालो. पँटचं माप बघायला आलेले निवृत्त पोस्टमनही, एका पायाला टाचण्या लावलेल्या असताना, खुर्ची ओढून शेजारी बसले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण दुपारी असं नुसतं छताकडे बघत ही आणि मी कधी पडलोच नाही, हे मला तेव्हा सुचलं आणि फार वाईट वाटलं. आता पडू, असंही वाटलं. समोर टाकी संथपणे फुगत होती. मला वाटलं, पाणी श्वास घेतंय. पोस्टमन म्हणाले, "मास्तर, टाकीला पोट सुटलंय."

टेप लावला, मध्यभागी दोन बोटं. तरी मी निर्धास्त! पोटं सुटतातच, मी आयुष्यभर कमरा सैल करून दिल्या आहेत. आणि मग आठवलं की सैल करायला आत कापड दुमडून ठेवावं लागतं. या सांध्यात मी दुमडलेलं काहीच नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात खालची शिवण मांजरपाट फाडावा तशी चर्रकन गेली, आणि सगळं पाणी शिवणाची खोली सोडून आतच आलं. गादी गेली, उशी गेली, पोस्टमनची पँट टाचण्यांसकट गेली. पाणी पोट बघत नाही, दादा, उंचीच बघतं. तुम्ही बरोबर होतात. हे वाक्य वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा,
ओला मेहुणा

ता. क. : वर डोळे लावून बसलो आहे म्हटलं ते खरंच आहे, पण हिला आणखी आठ दिवस तिकडेच ठेवून घ्या. तुमची पाठ दुखते म्हणा, गाडी मिळत नाही म्हणा, काहीही म्हणा. गादी वाळायची आहे, पाटीवाला वीसची शीट आणणार आहे. तिला ताकास तूर लागू देऊ नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हिचा फोन आला. पोस्टमननी तिला सगळं, आठ दिवसांच्या बेतासकट, कळवलं आहे. (निवृत्त झाले, पण बातमी पोचवायची सवय जात नाही.) ती म्हणते, "आठ दिवस नाही की आठ तास नाही. आणि टाकीबिकी काही नको. खिडकी उघडी झालीय ना, तशीच राहू दे. पडल्यापडल्या तुम्ही दिसाल. काम करताय की झोपलाय, तेवढं तरी कळेल मला."

पाटीवाल्याला नको म्हणून सांगून आलो. तुम्ही रविवारीच या. मशीन खिडकीसमोर सरकवून घेतलं आहे.