धम्माच्या नावाने खेळलेले दोनशे डाव

देवपूर, धुळे
१८ नोव्हेंबर

प्रिय धम्मा,

हे पाकीट बघून तू आधी दचकशील, मग अक्षर ओळखशील आणि म्हणशील, सवूताईला फोन करता येत नव्हता का? येत होता. पण फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर करतो" म्हणतोस, आणि ते नंतर थेट चौदा एप्रिलला उगवतं. जय भीम नाना, तब्येत कशी आहे, गोळ्या घेताय ना, ठेवतो. कागदाला मीटिंग सांगता येत नाही म्हणून लिहितेय. बसून वाच. शीतललाही वाचून दाखव. लाज वाटायचीच असेल तर ती मला वाटायची आहे, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

नाना बरे आहेत. लकव्यानंतर उजवा हात अजून तसाच आहे, पण डाव्या हाताने जेवतात, दाढीही करतात, एका गालाची नीट आणि दुसऱ्याची देवाच्या भरवशावर. दवाखाना जवळ हवा म्हणून मी त्यांना साक्रीहून या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं, त्याला चौदा महिने झाले. लिफ्ट नाही. चौदा महिन्यांत ते पाच वेळा खाली उतरले, पाचही वेळा खुर्चीत बसून, चौघांनी उचलून. साक्रीच्या स्थानकावर तीस वर्षं एसटी गाड्या वेळेवर सोडणारा माणूस आता खिडकीत बसून खालून जाणाऱ्या गाड्यांना "पाच मिनिटं लेट" म्हणतो. सुरुवातीला मला हसू यायचं. आता मी स्वयंपाकघरात निघून जाते.

साक्रीला त्यांची संध्याकाळ कशी जायची ते तुला आठवत असेलच. पितांबरकाकांच्या शिलाईच्या दुकानाचा ओटा, मध्ये कापडाचा पट, आणि दोघं म्हातारे अंधार पडेपर्यंत एकमेकांचे घोडे मारत बसलेले. इथे आल्यावर ते सगळं तुटलं. महिनाभरात नानांनी बोलणं कमी केलं, मग जेवण कमी केलं. मी आयटीआयमध्ये पोरांना संगणक शिकवते. मला वाटलं, एवढ्याशा दुखण्याचं औषध तर आपल्या हातात आहे. लॅपटॉपवर बुद्धिबळाचं इंजिन टाकलं. इंजिन म्हणजे समोर बसून खेळणारा प्रोग्रॅम, नाना त्याला मशीन म्हणतात. मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे पट मांडला. ते डाव्या हाताने पटावर चाल करणार, मी ती लॅपटॉपवर भरणार, आणि मशीन जे सांगेल ते मोहरं मी पटावर हलवणार. दोघांच्या मधली हमाल म्हण.

पहिल्याच डावात त्या मशीनने नानांना एकवीस चालींत मात दिली. दुसऱ्या डावात सतरा. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्या मशीनची ताकद कमी केली. शून्यापासून वीसपर्यंत पायऱ्या असतात, मी दोनवर आणली. तेव्हा ते दहा चाली पंडितासारखं खेळून अकराव्या चालीला आपला वजीर उगीचच नानांच्या प्याद्यासमोर नेऊन ठेवायला लागलं. नाना चिडले. "भीक घाली ऱ्हायनं का मशीन माले?" म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि त्यांना ताटावर बसवायचं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, नाना, ते मशीन नाहीच, समोर धम्मा आहे. हैदराबादहून खेळतोय, ऑफिस सुटल्यावर.

धम्मा, ते उठून बसले. मला म्हणाले, माझा शर्ट बदल. मी म्हटलं, नाना, त्याला दिसत नाही, नुसत्या चाली जातात. तरी त्यांनी शर्ट बदलून घेतला.

तिथून मी जी अडकले ती अडकलेच. आता ते मशीन नानांच्या तोडीचं करणं पुरेसं नव्हतं, ते तुझ्यासारखं करायला हवं होतं. कारण मशीनची प्रत्येक चूक नानांना तुझी बातमी वाटायची. वजीर फुकट गेला की ते खेळ थांबवून विचारायचे, "धम्मानी तब्येत बरी शे ना? वजीर असा कसा सोडी दिना?" चाल लगेच आली की म्हणायचे, घाईत दिसतोय, कामाचा ताण असेल. मग मी प्रत्येक चालीआधी थोडा वेळ थांबण्याची सोय केली, कधी वीस सेकंद, कधी दोन मिनिटं. एकदा चुकून पाच मिनिटांचा आकडा पडला, तर म्हणाले, शीतलशी भांडला वाटतं. मशीनने सुरेख खेळून हरवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी खुशीत असायचे. पोराचं डोकं शाबूत आहे, एवढंच म्हणायचे.

चुका कशा करायच्या हे मशीनला शिकवणं सगळ्यात अवघड. ते चिठ्ठी टाकल्यासारखं चुकतं, माणूस तसा चुकत नाही. मग मला आठवायला लागलं, तू कसा चुकायचास. प्यादं दिसलं की तुझी जीभ बाहेर यायची आणि ते मारायच्या नादात हत्ती जायचा. म्हणून मी त्या मशीनच्या हिशेबात प्याद्याची किंमत वाढवली, हत्तीची उतरवली, आणि दोन चालींच्या पलीकडचं त्याला दिसणार नाही असं केलं. पायरी ठेवली सहा, रविवारी सात, कारण रविवारी तू जेवण करून झोपून उठायचास आणि बरा खेळायचास. तू सदऱ्याची कॉलर चावत बसायचास तेही आठवलं, पण ते कुठल्या रकान्यात भरू? तुला आठवण्यात माझं अर्धं वर्ष गेलं, बाबा. इतकी आठवण मी तू गेलास तेव्हाही काढली नव्हती.

त्यात नानांचा खेळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, शेवटच्या ओळीत पोचलं की ज्याचं घर असेल तेच मोहरं होणार, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं उडी मारता येणार. मशीनला बापजन्मी हे नियम माहीत नव्हते. त्याने एकदा राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले, तर केवढा गोंधळ! "कोनी शिकाडं त्याले हे? हैद्राबादले असंच खेयतस का?" शेवटी नियम लिहून देता येतात असा एक प्रोग्रॅम सापडला, गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी त्यात घातली. सगळं जमलं, राजाची उडी तेवढी जमली नाही. नानांनी उडी मारली की मी पट नव्याने मांडून मशीनला दाखवायची. मशीन स्वतः मात्र कधी उडी मारायचं नाही. मला वाटलं, एवढं कोणाच्या लक्षात येतंय.

डावाची वेळ संध्याकाळी सहा, म्हणजे सहाच. सुगंधाबाई दिवसभर नानांपाशी असते, ती पावणेसहाला निघते. गेल्या वर्षभरात मी एकाही संध्याकाळी पांझरेच्या काठावर चालायला गेले नाही. रूपालीच्या हळदीला गेले नाही, शाळेपासूनची मैत्रीण, अजून बोलत नाही माझ्याशी. आयटीआयची सहल अजिंठ्याला गेली, मी पोरांच्या यादीवर सही करून मागे राहिले. पाचोऱ्याला गटनिदेशक म्हणून बढती आली होती, तीही नाकारली, कारण तू रोज सहाला खेळायला येणार होतास ना! कधीकधी समोर नाना, इकडे लॅपटॉप आणि मध्ये मी, अशी बसलेली असताना मला खोलीत हवाच नाही असं वाटायचं. मला तुझा राग यायचा. मग तुझाच घोडा उचलून मी मशीन सांगेल त्या घरात नीट ठेवायची.

तू विचारशील, मला आधी का नाही सांगितलंस. काय सांगणार होते? तुमचं भांडण असतं तर मध्ये पडून मिटवलं असतं. तुमचं भांडणच नाही. नाना कधी तुला वाईट बोलले नाहीत, तू कधी उलटून बोलला नाहीस. बारा वर्षांत फक्त दोघांचं बोलणं आटत गेलं, आणि दोघांनाही वाटत राहिलं की समोरचा कामात आहे. नाना तर कामात नव्हते रे.

गेल्या महिन्यात मी कामावरून उशिरा पोचले, धापा टाकत तीन जिने चढले, पर्स खांद्यावर तशीच आणि लॅपटॉप उघडायला लागले. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज मशीन. दमनी व्हशी तू." धम्मा, ते चक्क 'मशीन' म्हणाले. मी लॅपटॉप मिटला. कधीपासून माहीत आहे, विचारलं. ते म्हणाले, तीन महिने झाले. तुझ्या राजाला ती उडी मारायची लहानपणापासून इतकी हौस की गरज असो नसो तू ती मारायचासच, आणि या धम्माने एकदाही मारली नव्हती. मग खेळत का राहिलात, म्हटलं. तर म्हणतात, "तू इतली मेहनत करस. तुले बरं वाटस म्हनीसन खेयनू."

मी हसले का रडले ते मला सांगता येणार नाही. ते माझ्यासाठी खेळत होते आणि मी त्यांच्यासाठी, आणि दोघांनाही त्या पटाचा कंटाळा आला होता. मी त्यांना तेव्हाच विचारलं, नाना, तुम्हाला काय हवंय ते एकदा सरळ सांगा. त्यांना साक्रीला जायचंय. आपलं तळमजल्याचं घर, समोरचा रस्ता, पितांबरकाकांचा ओटा. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी महिन्यातून एकदा दाखवायच्या बोलीवर हो म्हटलं. सुगंधाबाईचं माहेर साक्रीचंच, ती यायला तयार आहे. मी एसटीने रोज धुळ्याला जाऊन येईन. सगळं ठरलं, सामान निम्मं बांधूनही झालं.

आणि मग पितांबरकाकांचा फोन आला. फोन मीच धरला होता नानांच्या कानाशी, त्यामुळे सगळं ऐकू आलं. काका म्हणत होते, भाईदास, ये लवकर, आणि धम्माचा खेळ आम्हालाही बघू दे, रोज काय तो आमचा धम्मा आमचा धम्मा! तेव्हा मला कळलं, की नाना वर्षभर दर आठवड्याला, मी कामावर असताना, फोनवर त्यांना सांगत होते, "मना धम्मा रोज संध्याकायले मनासंगे खेयस." पहिल्यांदा खरं वाटून सांगितलं. नंतरचे तीन महिने खोटं आहे हे माहीत असून सांगितलं. काकांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलंय. आता एक तारखेला, रविवारी, आम्ही पोचल्यावर संध्याकाळी सहाला ओट्यावर पट मांडायचा, नानांनी तुझ्याशी खेळायचं आणि सगळ्यांनी बघायचं, असं ठरलंय. चहाही सांगून ठेवलाय म्हणे.

काल नानांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तेवढा एक दिवस मशीन लावी दे, सवू. धम्मानं नाव ऱ्हाऊ दे." नोकरीत कधी दोन मिनिटांची खोटी नोंद केली नाही त्यांनी, आणि हे मागताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी नाही म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच ते मशीन लॅपटॉपवरून काढून टाकलं. तुझ्या नावाने मी दोनशेच्या वर डाव खेळले, धम्मा, आता एकही खेळणार नाही. हे पत्र त्यासाठी आहे. एक तारखेला सहा वाजता तू फोन कर. चेहरा दाखवायचा नसेल तर दाखवू नकोस, नुसत्या चाली सांग, मोहरी मी हलवीन. खेळ विसरला असशील तर हर, वीस चालींत हर, नानांना त्याचं काही वाटणार नाही. आणि तुझा फोन आलाच नाही तर काय होईल तेही लिहून ठेवते, म्हणजे तुला अंदाज करत बसायला नको. नाना सव्वासहापर्यंत वाट बघतील. मग हसून पितांबरकाकांना सांगतील, "आज नेट नही शे," आणि तुझ्या बाजूची मोहरीही डाव्या हाताने एकेक करून स्वतःच डब्यात भरतील.

तुझीच,
सवूताई