कवितेचा तास कुंपणावर

मालेगाव (जि. वाशीम), मंगळवार

मित्रवर्य तय्यब यास शालिकरामचा प्रेमाचा नमस्कार, आणि बदरुन्निसाभाभींना सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळव. आमच्याकडे ठीक आहे. माझा खोकला आणि आवडाबाईचा स्वभाव, दोन्ही जुने, थंडीत जरा वाढतात इतकंच.

तुझ्या दुकानातून आणलेल्या मांजरपाटावर मी जे मोठं चित्र केलं, ते आपल्या कवितेच्या तासाचं आहे. त्यात वर्ग नाही, फळा नाही, गुरुजीही नाहीत, नुसता निळा, त्यात विरघळत गेलेला पिवळा, आणि कोपऱ्यात एक तांबडा ठिपका (तो तू. पाठांतर झालं नाही म्हणून उभा). मला चित्रं काढायला कोणी शिकवलं नाही, हे चित्र पाहून कोणालाही कळतं. पण दुपारी आपण सगळे एका चालीत कविता म्हणायचो आणि खिडकीतून कवठाचा वास यायचा, तो मला या निळ्यात सापडला. शेजारच्या हरिसिंगने बराच वेळ पाहून, हा कोणत्या तालुक्याचा नकाशा, असं विचारलं. मी मानोरा म्हणालो. मग त्याने त्यात आपल्या बंजाऱ्यांची पोहरादेवी शोधली, तुझ्यावर बोट ठेवलं आणि नमस्कार करून गेला.

तुझ्या लेकीने, उजमाने, वाशीमच्या प्रदर्शनात माझ्यासाठी एक भिंत राखली, हे ऐकल्यापासून मला झोप गोड लागत होती. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा चार माणसं मुद्दाम माझ्या चित्रापुढे उभी राहणार होती. म्हणून येत्या रविवारी न्यायचं ते चित्र मी गेल्या गुरुवारी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. त्याच दोरीवर आवडाबाईच्या जुन्या साड्या होत्या. (रोही, म्हणजे पुस्तकातली नीलगाय, हरभऱ्यात शिरू नये म्हणून आम्ही वावराभोवती जुन्या साड्या बांधतो, हे तू दुकानात बसून विसरला असशील.) जेवून मी एक जुनी कविता आठवत जरा आडवा झालो. तिसऱ्या कडव्याला डोळा लागला. उठून पाहतो तर दोरी रिकामी. तसाच वावरात गेलो. गुलाबी साडी, मग हिरवी साडी, मग आपला कवितेचा तास, मग पुन्हा गुलाबी.

रंग ओला होता म्हणून चार दिवस तिथेच वाळू दिलं. काल गाठ सोडू लागलो, तर आवडाबाईने हातातलं खुरपं खाली न ठेवता सांगितलं, “त्याले हात लावू नका. ते तठी बांधलं तवापासून रोही फिरकला नाई. आजलोक तुमच्या चित्राचा कोनाले उपेग झाला होता काय?”

माणसांनी पाठ फिरवली ते मी सोसलं, पण जनावरानंही?

तुझा,
शालिकराम

ता. क. खरं काम असं की, दुकानात डागाळलेलं भडक कापड पडून असेल तर शनिवारच्या एसटीने पाठव. ते बांधून चित्र सोडवून घेतो.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो, वाटेत वावर लागलं. रोही माझ्या चित्राखालीच निवांत हरभरा खात होता आणि आवडाबाई पलीकडे निंदत होती. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, “तो तं रोजच येते. निंदून पाठ भरून आली का मी त्या चित्राकडे पाह्यतो. बरं वाटते.” मग तिने विचारलं, “त्या कोपऱ्यातल्या पोराले उभं काहून ठेवलं?”

तय्यब, त्या ठिपक्याबद्दल मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

कापड पाठवू नकोस. ती भिंत दुसऱ्या कोणाला दे म्हणून उजमाला सांग, आणि उन्हाने निळा उडू नये म्हणून चित्राला वरून काय लावतात, तेवढं तिला विचारून कळव.